माहेरचा घास

गल्लीत दुखवटा असताना हॉटेलात जेवायला जायचं म्हणजे चोरीच. आणि चोरी करायचीच तर निदान ती नीट करावी, एवढी अक्कल नीलेशला होती. त्याने दुपारीच गाडी गल्लीबाहेर, दवाखान्याच्या भिंतीला लावून ठेवली. भूमिकाला बजावलं, "नेहमीच्याच साडीवर निघ. हातात भाजीची पिशवी घे." दहावीतल्या हर्षालीने वाढदिवसाचा नवा ड्रेस घातला होता, तिला वरून जुनं स्वेटर चढवायला लावलं. आधी आई गेली, मग लेक, आणि शेवटी स्वतः नीलेश खिशात हात घालून, जसा काही पानाच्या टपरीपर्यंतच निघालाय, असा शेजारच्या मांडवावरून मान खाली घालून गेला. मांडवातल्या सतरंजीवर बसलेल्या दोघातिघांनी त्याला "या" म्हटलं. "आलोच," म्हणून तो पुढे सटकला.

शेजारचे तोतारामनाना वारले त्याच दिवशी हर्षालीचा वाढदिवस होता. फ्रिजमधला केक मग शेवटी दूधवाल्याच्या घरी गेला. पोरीने एका शब्दाने कुरकुर केली नाही. तिने कुरकुर केली असती तर नीलेशला बरं वाटलं असतं, कारण मग रागावता आलं असतं. गप्प बसणाऱ्या लेकरापुढे बापाचं काही चालत नाही. "लवकरच घेऊन जातो तुला, त्या नव्या चायनीजमध्ये," असं तो बोलून गेला होता आणि आज ती वेळ आली होती.

आज जायला हरकत नाही, असा त्याचा हिशोब होता. त्याच्या मते तो हिशोब पक्का होता.

ज्या घरी माणूस गेलं त्या घरी दहाव्यापर्यंत चूल पेटत नाही. गल्लीतल्या घरांनी पाळी लावून जेवण पोचवायचं. भूमिकाने आपली पाळी केली होती, वर एकीच्या कंबरेत उसण भरली म्हणून तिचीही केली होती. नीलेश स्मशानात पुढे होता, लाकडं त्याने आणली, मंडपवाल्याला त्याने बोलावलं. धुळ्यात शेजारधर्म म्हणून जे जे करतात ते सगळं झालं होतं. आणि आज सकाळी नानांचा मुलगा नवीन फाटकाशी येऊन सांगून गेला होता, "मामा, आज माहेरना घास शे. दिवा लागाना येळले."

"हा रे भाऊ," नीलेश म्हणाला होता, तोंडात टूथब्रश ठेवूनच.

माहेरचा घास म्हणजे दहाव्याच्या आदल्या संध्याकाळचं जेवण. ते गल्लीने द्यायचं नसतं. विधवा झालेल्या बाईच्या भावाने ते आणायचं, भावजयीच्या हातची भाकरी आणि फोडणी नसलेलं पिठलं. बाई त्या दिवशी सकाळपासून पाणीसुद्धा घेत नाही. भावाने पहिला घास तिच्या तोंडात घालायचा, मग तिने त्याच्या तोंडात. नवरा गेला तरी तुझं माहेर उभं आहे, असं चारचौघांत सांगायची ती रीत. आता नानांच्या बायकोचं, सुनंदाक्काचं माहेर साक्रीकडचं, म्हणजे साक्रीचे लोक येणार. गल्लीला आज सुट्टी. नीलेशने ब्रश धुतला आणि भूमिकाला म्हणाला, "आज आपण मोकळे. संध्याकाळी पोरीला घेऊन जाऊ."

एवढा सरळ हिशोब.

हॉटेलचं नाव 'खान्देश ड्रॅगन'. दारात लाल कंदील, आत भिंतीवर एक लांबलचक ड्रॅगन, आणि त्या ड्रॅगनच्या पंजात हिरवं भरताचं वांगं. मालकाने डोकं चालवलं होतं यात शंका नाही. मेनूकार्डावर शेवभाजी नूडल्स होत्या, ठेचा फ्राइड राईस होता, मंचुरियनच्या गोळ्यांऐवजी कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाचे गोळे होते. भूमिकाचं माहेर जळगावचं, आणि भरताच्या बाबतीत जळगावच्या माणसाला कोणी काही शिकवू नये. ती 'शेझवान भरीत' हे शब्द वाचून मेनूकार्डाकडे अशी पाहत राहिली, जणू कोणी तिच्या आईला नाव ठेवलंय.

"मागवून तर बघू, मम्मी," हर्षाली म्हणाली. स्वेटर केव्हाच पिशवीत गेलं होतं.

त्यांनी भरपूर मागवलं. सूप, नूडल्स, राईस, गोळे, भरीतसुद्धा. नीलेशने सुरुवातीला दोनदा दाराकडे पाहिलं, गल्लीतलं कोणी आलं तर काय म्हणायचं ते मनात जुळवून ठेवलं. मग सूप पोटात गेलं आणि भीती कमी झाली. लेक हसत होती. तोंडाला लाल रस्सा लागला होता तिच्या. भूमिकाने शेझवान भरीत नाक मुरडत चाखलं आणि नंतर ती वाटी आपल्यापुढे ओढून घेतली, पण "बरंय" एवढंच म्हणाली. नीलेश पोटभर जेवला. पट्ट्याचं एक भोक सैल करावं लागलं, इतका जेवला. आठवडाभर पिठलं, रडणं, उदबत्त्यांचा वास, आणि आता हे. आपण जिवंत आहोत याचं त्याला बरं वाटलं, आणि तसं वाटल्याची थोडी लाजही वाटली. पण तेवढी लाज माणूस पचवतो.

आइस्क्रीम सांगायचं की नाही यावर चर्चा चालू असताना फोन वाजला. नवीनचा होता.

"मामा, निंघनात का?"

"कुठे?" नीलेश म्हणाला. हॉटेलात गाणी चालू होती, त्याने फोनवर हात धरला.

"आई वाट देखी ऱ्हायनी ना. दिवा लागी गया. सकायपासून पानीबी नही लिधं तिनी. आत्या दोनदा बोलनी, की सुनंदा, तुना भाऊ काही येत नही, आमीच दी टाकतस घास. आई म्हने, थांबा, तो येईच."

"साक्रीचे नाही आले?" असं विचारायला नीलेशने तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. साक्रीला कोण होतं? अक्काचे आईबाप कधीचे गेले होते. सख्खा भाऊ तिला नव्हताच. चुलतभाऊ चिंधा मातीला येऊन त्याच दिवशी परतला होता.

भाऊ नव्हता, म्हणून तर.

नीलेश या गल्लीत राहायला आला तेव्हा त्याचं लग्न व्हायचं होतं. पहिल्या दिवाळीत त्याची बहीण सुरतेहून येऊ शकली नाही आणि भाऊबीजेच्या सकाळी तो ओट्यावर पेपर वाचत बसला होता. शेजारून सुनंदाक्काने भिंतीवरून डोकावून विचारलं, "काब्र असा बसना? बहीण नही उनी का?" आणि हाताला धरून घरी नेऊन पाटावर बसवला. ओवाळताना म्हणाली, "मले भाऊ नही. आजपासून तू मना भाऊ." तेव्हापासून एकही भाऊबीज चुकली नव्हती. सकाळी अक्का, दुपारी सुरतेची बहीण. अक्काला दरवर्षी साडी, बहिणीला पाकीट. नीलेशला ते आवडायचं. शेजारी असे असावेत, असं तो दुकानात चार लोकांना सांगायचासुद्धा. वर्षातून एकदा टिळा, करंजी, आणि मग पुन्हा "अक्का, पाणी आलं का?" एवढ्यापुरता संबंध.

अक्काने मात्र ते खरं धरलं होतं. नवीन त्याला काका म्हणत नव्हता, मामा म्हणत होता. इतकी वर्षं म्हणत होता. सकाळी तो निरोप द्यायला आला होता तो शेजाऱ्याकडे नाही, आईच्या माहेरी आला होता. आणि माहेर तोंडात ब्रश धरून "हा रे भाऊ" म्हणालं होतं.

"मामा?" नवीन फोनवर म्हणाला.

"निघालोच," नीलेश म्हणाला. "भाकरी होताहेत तुझ्या मामीच्या. आईला सांग, मामा निघाला."

फोन ठेवल्यावर त्याने समोर पाहिलं. उष्ट्या ताटल्या, लाल तेल, चिवडलेले नूडल्स. स्वतःचीच त्याला किळस आली.

"काय झालं?" भूमिकाने विचारलं.

त्याने सांगितलं. भूमिकाने पदर तोंडाला लावला. "अहो, मला कळायला नको का हे? अक्का मला भावजयच म्हणते. परवा सगळ्यांसमोर म्हणाली, माझी भावजय आहे, ती करेल सगळं. मी आपली हो हो करत राहिले."

वेटर येऊन म्हणाला, "सर, उरलेलं पार्सल करू?"

"नको," तिघंही एकदम म्हणाली.

गल्लीबाहेर गाडीतून उतरून तिघंही मागच्या बोळातून घरात शिरली. भूमिकाने साडी बदलली नाही, पदर खोचला आणि पिठात हात घातला. हर्षाली बेसन कालवायला बसली. तिला कोणी सांगितलं नव्हतं. नीलेश बाथरूममध्ये गेला, दात घासले, पुन्हा घासले, बडीशेप खाल्ली. लसणाचा ढेकर आला. त्याने वेलदोडा चावला. पुन्हा तोच ढेकर.

स्वयंपाकघराच्या दारात येऊन तो उभा राहिला. भाकरी थापण्याचा आवाज येत होता.

"भाकरी होतील," भूमिका त्याच्याकडे न पाहता म्हणाली. "पिठलं होईल. पण तुम्ही जेवलात, त्याचं काय करायचं?"

हीच गोष्ट त्याला बाथरूममध्येही सुटत नव्हती. बहीण दिवसभर उपाशी असते, तर घास देणारा भाऊही उपाशी असावा लागतो. हे त्याला माहीत होतं, त्याच्या आईला घास देताना मामाला असंच उपाशी बसलेलं त्याने पाहिलं होतं. उशीर झाला तर माफी मागता येते. खाल्लेलं परत काढून ठेवता येत नाही.

"सांगून टाका," भूमिका म्हणाली. "अक्का मनाची मोठी आहे. समजून घेईल."

"अक्का घेईल. तिच्या नणंद प्रमिलाबाई घेतील का? सगळं सासर बसलंय तिथे. त्या काय म्हणतील? मानलेला भाऊ तो, मानलेलाच निघाला. आयुष्यभर तिला ऐकवतील."

"मग खोटं बोलणार?"

खरं बोलावं तर अक्काचं माहेर चारचौघांत मोडतं, खोटं बोलावं तर त्या भाकरीला अर्थ उरत नाही. दोन्हीकडून तोच गुन्हेगार होता. त्याला भूमिकाचा राग आला, हर्षालीच्या वाढदिवसाचा आला, नानांनी मरायला तोच दिवस धरला याचाही आला, आणि शेवटी तो सगळा राग फिरून त्याच्याच अंगावर आला. तिथून तो हलेना.

भूमिकाने भाकऱ्या फडक्यात बांधल्या. पिठलं डब्यात भरलं. घाईत पीठ कमी भिजलं होतं, भाकऱ्या मोजक्याच झाल्या होत्या. "आणखी टाकू का?" तिने विचारलं. बाहेर कोणीतरी म्हणत होतं, 'आला का तो?' आणि नीलेश म्हणाला, "असू दे. चल."

मांडवातले पुरुष सरकले. आतल्या खोलीत बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. मधोमध सुनंदाक्का, कोऱ्या कपाळाची, ओठ सुकलेले. भाऊबीजेला हीच बाई नीलेशला पाटावर बसवून खदखदून हसायची, "वाढला रे तू आडवा!" म्हणायची. नीलेशला पाहिल्याबरोबर तिचा चेहरा खुलला. त्या चेहऱ्याकडे पाहवेना त्याला.

"उना ना मना भाऊ," ती नणंदेकडे वळून म्हणाली. "मी सांगं व्हतं ना बाई?"

प्रमिलाबाई काही दुष्ट बाई नव्हत्या. पण भाऊ गेल्याचं दुःख त्यांना कोणावर तरी काढायचं होतं. "उना खरा," त्या म्हणाल्या. "पन दिवा लागीसन कितला येळ व्हयना? सख्खा ऱ्हाता तर सकायपासून उंबरावर बसता."

"दुकान शे त्यानं," अक्का पटकन म्हणाली. "आनि भावजयले एकटीलेच सगळं करनं पडस."

तिने त्याची बाजू घेतली. त्याने मागितलीही नव्हती.

तिच्यासमोर पाट मांडला होता. तो बसला. भूमिकाने ताट वाढलं. नीलेशने भाकरीचा तुकडा मोडला, पिठल्यात बुडवला आणि अक्काच्या तोंडाशी नेला. हात साबणाने दोनदा धुतला होता, तरी आपल्या बोटांना सोयासॉसचा वास येतोय असं त्याला वाटत राहिलं. अक्काने घास घेतला. चावता चावता ती रडायला लागली, आणि तिच्याबरोबर सगळ्या बायका. प्रमिलाबाईसुद्धा.

मग अक्काने डोळे पुसले आणि त्याच्यासाठी घास केला.

आता सांगावं. आत्ताच. हळू आवाजात, तिला एकटीला ऐकू जाईल असं. "अक्का, मी..." म्हणून त्याने तोंड उघडलं, आणि अक्काला वाटलं भुकेला भाऊ घासासाठी तोंड उघडतोय. तिने घास आत घातला.

"सकायपासून उपाशी शेस ना रे तू बी?" ती म्हणाली. खोली शांत झाली होती. प्रमिलाबाई पाहत होत्या.

तोंडात घास होता. नीलेशने मान हलवली. हो.

"देखा बाई," अक्का म्हणाली. आवाज लहान होता, पण असा ताठ आवाज नाना गेल्यापासून तिने काढला नव्हता. "मना भाऊ बी उपाशी ऱ्हायना."

प्रमिलाबाईंनी नाक ओढलं. पुढे सरकल्या आणि स्वतःच्या हाताने नीलेशपुढे दुसरं ताट ओढलं. "चुकनं मनं बोलनं," त्या म्हणाल्या. "माहेर शे तुले, सुनंदा. बस भाऊ, जेव. पोट भरी जेव." आणि एक अख्खी भाकरी त्याच्या ताटात घातली, वर पिठल्याचा मोठा डाव.

नीलेश खाऊ लागला. पहिली अर्धी भाकरी कशीबशी उतरली. नंतरचा प्रत्येक घास खालून कोणी परत ढकलत होतं. नूडल्स, राईस, तळलेले गोळे, सगळं घशापर्यंत भरलेलं होतं, आणि त्यावर बाजरीची कोरडी भाकरी. कपाळाला घाम आला. ढेकर येऊ नये म्हणून तो ओठ आवळून चावत होता. भूमिका दाराशी उभी होती, तिने मान खाली घातली होती. नवऱ्याची ही शिक्षा तिला वाटून घेता येत नव्हती, आणि तिच्याही पोटात तेच जेवण होतं.

"देखा कसा खाई ऱ्हायना," कोणी म्हातारी म्हणाली. "दिवसभरनी भूक, बिचारा."

अक्का त्याच्याकडेच पाहत होती. तिने स्वतः चारच घास खाल्ले होते. नीलेशचं ताट रिकामं झालं तसं तिने फडक्यात हात घातला. भाकऱ्या संपल्या होत्या. नवीनला दिली होती एक, एक प्रमिलाबाईंनी घेतली होती. मग तिने आपल्या ताटातली उरलेली भाकरी उचलून त्याच्या ताटात ठेवली.

"अक्का, नको," नीलेश घाबरून म्हणाला. "तू खा. तूच दिवसभर काही घेतलं नाहीस."

"मले बास व्हयनं."

"खरंच नको. पोट भरलं माझं." आज संध्याकाळपासून तो एवढं एकच खरं बोलला होता.

"मन्हापुढे लाजू नको," अक्का म्हणाली. "भाऊ अर्धपोटी उठना तर मन्हा गळामान घास उतरनार नही. खाय."

सगळ्या खोलीचं लक्ष त्याच्या हाताकडे होतं. नाही म्हटलं असतं तर आता कारण द्यावं लागलं असतं.

नीलेशने बहिणीच्या ताटातली ती भाकरी तिच्या डोळ्यांदेखत शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली. अक्का समाधानाने पाहत राहिली, मग तांब्याभर पाणी प्यायली आणि त्या रात्री तेवढ्यावरच झोपली.